चार जीबीचं खळं

लॅपटॉप मूळचा आमच्या पोरीचा. २०१४ ला ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा दोन गाभण कालवडी विकून चौतीस हजाराला घेतलेला. पुढं तिला नोकरी लागली, कंपनीनं दुसरा दिला, आणि हा गावाकडं आला. जुन्या ओढणीत गुंडाळून, चार्जरसकट. आमच्याकडं असंच आहे. शहरात नको झालेलं गावाला येतं. कपाट येतं, मिक्सर येतो, कधी माणूसही येतं.

मला त्याचं काम पडलं ते वह्यांमुळं. आमचे वडील चौथी शिकलेले, पण लिहायची भारी हौस. १९६६ पासून १९९१ ला जाईपर्यंत त्यांनी दरसाल एक वही लिहिली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी. कोणाच्या पेरणीला कोणाचे बैल गेले, बायांची मजुरी किती, नक्षत्र कोणतं आणि पाऊस किती दिवस, विहिरीला पाणी किती परस, सगळं त्यात. त्यांच्यामागं मी लिहायला लागलो. मी दहावी, म्हणून माझं अक्षर जरा बरं, एवढाच फरक.

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात माळ्यावरची पेटी उघडली तर वाळवी लागलेली. १९६९ ची अर्धी वही मातीच झाली होती. राहिलेल्या वह्या उन्हात घातल्या, आणि पोरगी तेव्हा घरूनच काम करत होती, तिनं मोबाइलवर एक-एक पान टिपून घेतलं. चौदाशेच्या वर पानं भरली. ती तिनं लॅपटॉपात घातली आणि मला शिकवलं. एका सालाची एक फाइल करायची, वर पानाचा फोटो चिकटवायचा, खाली तेच टाइप करायचं. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस मी. दिवसाला दोन पानं झाली तरी रात्री झोप चांगली लागायची.

दोन-तीन वर्षं हे निवांत चाललं होतं. घाई पडली ती २०२३ ला. त्या साली पावसानं ओढ दिली. दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसायला लागला आणि भावकीत पाळीची बोलणी सुरू झाली.

आमची विहीर सामाईक. वडील धरून पाच भाऊ. धाकटा भाऊ तरणाताठाच गेला, मागं बायको आणि एक लेक. ती माझी धाकटी चुलती. तिची लेक, म्हणजे माझी चुलतबहीण, नवरा वारल्यावर चार-पाच वर्षांमागं गावाला परत आली. आईच्या वाटणीचं पाऊण एकर तिच्या नावावर आहे, सात-बारा तिचा आहे. पण त्या सात-बाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीचा शब्द नाही. ती म्हणायची, “दादा, माझ्या आईची अर्ध्या दिवसाची पाळी होती.” बाकीचे म्हणायचे, कागद दाखव. मला स्वतःला आठवत होतं. मी शाळकरी पोरगा असताना काकू रात्रीची कंदील घेऊन बांधावर उभी असायची, लुगड्याचा काष्टा वर खोचून, पाटाचं दारं धरत. पण चार घरांपुढं एकट्याच्या आठवणीला काय किंमत? तशी थोरल्या घरच्या चुलतभावालाही आठवण होतीच की. त्याला आठवत होतं की काकू कधी भिजवायची नाही, तिचं रान जिराईतच होतं.

तेव्हा वह्याच काय ते बोलणार. पाळीचं पान दरसालच्या वहीत असायचं, कधी सुरुवातीला, कधी मध्येच उसाच्या हिशेबात घुसडलेलं. कोणत्या साली काकूचं नाव आहे आणि कोणत्या सालापासून नाही, हे बघायला चार-पाच सालांच्या फाइली एकदम उघडून शेजारी-शेजारी लावायला पाहिजेत. आणि तिथंच यंत्र अडलं. एक फाइल उघडली तर चालायचं. दुसरी उघडली की बाण गोल फिरायला लागायचा. तिसरीला पडदा पांढरा व्हायचा, आतून घरघर आवाज यायचा, आणि मी चहा पिऊन, शेरडांना पाला टाकून आलो तरी तो गोल फिरतोच आहे.

तालुक्याच्या एका दुकानात नेला. दुकानदारानं झाकण उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणाला, “बाबा, दहा वर्षांचं झालंय हे. ह्याचे पार्ट आता येत नाहीत. दीड हजार देतो ह्याचे, नवा घेऊन जा. अडतीसपासून आहेत.” अडतीस हजार म्हणजे त्या सालच्या आमच्या सगळ्या कांद्याचे पैसे. आणि मला एक कळेना. बैल म्हातारा झाला हे मान्य. पण बैलाला उभं राहता येत नाही ते म्हातारपणामुळं का खुरात खडा गेलाय म्हणून, हे खूर उचलून बघितल्याशिवाय कसं सांगायचं?

पुतण्या नाशिकला संगणकाचं शिकत होता. शनिवारी आला तेव्हा त्यानं तीन बटणं दाबून एक तक्ता उघडला. त्यात यंत्राचा कोणता अवयव किती दमलाय ते दिसतं. म्हणाला, “अण्णा, आता एक-एक फाइल उघडा.” पहिली उघडली, मेमरीचा आकडा ७० टक्के झाला. दुसरी उघडली, ९० च्या पुढं. तिसऱ्याला मेमरी तिथंच टेकली आणि मग डिस्कचा आकडा १०० ला जाऊन बसला, घरघर सुरू. “बघा, डिस्क आधी शांत होती. मेमरी भरली तवा ती पळाया लागली. दुखणं मेमरीचं हाये, डिस्क नुसती हमाली करतीय.” पोरगं हुशार. एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली तर जुना लॅपटॉप पळतो असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण दोन्हीला पैसे नव्हते. आधी कोणतं घ्यायचं हे त्या तक्त्यानं सांगितलं.

रॅम म्हणजे काय हे त्यानं मला त्याच्या भाषेत सांगितलं, मी ते माझ्या भाषेत करून घेतलं. हार्ड डिस्क म्हणजे बळद. सालभराचं दाणं त्यात पडून राहतं, वीज गेली तरी जागचं हलत नाही. पण मळणी काही बळदात होत नाही, मळणी खळ्यावर होते. रॅम म्हणजे खळं. जे काम आत्ता चाललंय तेवढं बळदातून काढून खळ्यावर पसरायचं. खळं लहान असलं की पाच पेंढ्या पसरल्या की सहावीला जागा नाही. मग पहिली उचलून परत आत न्यायची, सहावी आणायची, पुन्हा पहिलीचं काम निघालं की ती आणायची. माणूस मळणी सोडून नुसत्या खेपा घालत बसतो. आतून येणारी ती घरघर म्हणजे खेपांची होती.

आणि फोटोची आणखी एक गंमत. पानाचा एक फोटो डिस्कवर चार एमबीचा. पण पडद्यावर उघडला की तोच पन्नासेक एमबीची जागा धरतो. गोधडी घडी घालून उतरंडीशेजारी बसते, पण अंथरली की सोपा भरतो, तसं. आणि आमच्या एकेका फाइलीत पन्नास-साठ गोधड्या.

यंत्रात चार जीबीची एकच पट्टी होती. पुतण्यानं मागचं झाकण काढून दाखवलं, पट्टीच्या वरच दुसरी खाच रिकामी. नव्या यंत्रात ही सोय कमी होत चाललीय म्हणे. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन चिकटवतात, तिथं वाढवायचं नावच काढायचं नाही. हे ऐकून मला नव्या यंत्राचा मोहच राहिला नाही. आमचं पाच हॉर्सचं डिझेल इंजिन वडिलांनी घेतलेलं, त्याचा पिस्टन दोनदा, नोझल कितीदा बदललं ह्याची मोजदाद नाही, आणि अजून ते दुष्काळात उपयोगी पडतं. त्याला मी म्हातारं म्हणतो, भंगार म्हणत नाही.

पट्टी घ्यायला पुण्याला गेलो. पोरगी म्हणत होती, “अण्णा, मी मोबाइलवरून मागवते, घरपोच येईल.” पण बेअरिंग असो नाहीतर वॉशर, जुना नमुना खिशात घालून दुकानात जायचं, ही आमची रीत. जुनी पट्टी काढून कागदात गुंडाळली, कागद डबीत, डबी कोपरीच्या खिशात. एसटीनं वाकडेवाडीला उतरलो, तिथून बुधवार पेठेत तापकीर गल्लीत. तिथं एकाला लागून एक दुकानं. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, मोटारी, काय मागाल ते. माणसाला माणूस घासून चालतं, पण नमुना दाखवला की गिऱ्हाईक कुठलंय कोण विचारत नाही.

पहिल्या दुकानातल्या पोरानं एक पट्टी पुढं टाकली. मी आपली जुनी तिच्यावर ठेवून बघितली. खालची खाच जुळेना. पोरगं हसलं, “काका, ही डीडीआर फोर. तुमची थ्री आहे.” जुनीला खालच्या कडेला सोनेरी दात २०४, नवीला २६०. आणि मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची पट्टी कोणी ठोकून बसवू नये. मला ती अक्कल आवडली. पाभरीचा फण उलटा बसत नाही, तसलं काम.

दुसऱ्या दुकानात मालक वयस्कर होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जुन्या पट्टीवरचं वाचलं. ‘पीसी ३ एल’. म्हणाले, “ह्यातला एल महत्त्वाचा. साधी डीडीआर थ्री दीड व्होल्टवर चालते, ही एलवाली १.३५ वर. तुमच्या यंत्राचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, त्याला एलच लागते. साधी घातली तर बहुतेक चालूच होणार नाही.” पंधरा शतांश व्होल्टाचा फरक! आमच्या विहिरीवरच्या मोटारीला कधी १७० येतात तर कधी २६०, आणि ती बिचारी ओढते. मालकांनी आठ जीबीची पट्टी चौदाशे पन्नासला दिली. मी म्हणालो पन्नास सोडा, त्यांनी सोडले.

पट्टी क्रुशिअल नावाची होती. पुतण्यानं पुढं शोधून सांगितलं की ती अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीची. तिची कथा ऐकून मी दोन दिवस सगळ्या गावाला सांगत होतो. १९७८ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, बॉइसी गावी, एका दातांच्या दवाखान्याच्या तळघरात ही कंपनी निघाली. आयडाहो म्हणजे बटाट्याचा मुलूख. तिथं जे. आर. सिम्प्लॉट नावाचा बटाट्यातला मोठा माणूस होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली, बटाटा पिकवून, साठवून, पुढं त्याचे गोठवलेले तुकडे मॅकडोनाल्डला पुरवून गबर झालेला. १९८० मध्ये त्यानं ह्या कंपनीत दहा लाख डॉलर घातले. शाळा अर्धी सोडलेल्या बटाटेवाल्याच्या पैशानं मेमरीचा कारखाना उभा राहिला! आता तिचाच एक कारखाना गुजरातेत साणंदला करायचं २०२३ मध्ये ठरलं. आमच्याकडं बटाट्याचा पैसा फार तर दुमजली घरात नाहीतर लेकीच्या लग्नात जातो. मी त्यात काही वाईट म्हणत नाही, पण विचार करायला हरकत नाही.

बसवायचं काम घरीच केलं. झाकणाला अकरा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपवलेले. सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी. इंजिनाचं हेड उतरवताना करतो तेच केलं. कागदावर झाकणाचा आकार काढला आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. आधी बॅटरी काढली. पुतण्या म्हणाला, अंगात साचलेल्या विजेनं चिप मरते, तर घोंगडी, स्वेटर लांब ठेवा आणि अर्थिंग असलेल्या लोखंडाला हात लावून मगच पट्टी धरा. मी मोटारीच्या स्टार्टरच्या पत्र्याला हात लावून आलो. आमची ही दारातून बघत होती. “देवाच्या पाया पडल्यावानी करताय जणू,” म्हणाली.

जुन्या पट्टीचे दात काळवंडले होते. ते नातवाच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसले, भुगा फुंकून टाकला. मग नवी पट्टी खाचेत तिरपी घातली, दात पुरते आत गेले तसं वरून अंगठ्यानं दाबलं. दोन्ही बाजूंच्या कड्या टचकन बसल्या. चालू केलं. पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळाच राहिला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण पुतण्या शांत होता. नवी मेमरी दिसली की यंत्र आधी तिला चाचपून घेतं. मग उजेड आला.

आणि तक्ता उघडला तर लिहिलेलं: बसवलेली मेमरी १२ जीबी, वापरण्याजोगी २.९.

मी म्हणालो, “बाकीची नऊ कुठं गेली रं?” पुतण्यानं कपाळाला हात लावला. “अण्णा, हे मी आधीच बघायला पाहिजे होतं. विंडोज बत्तीस बिटचं टाकलंय कोणीतरी.” ते कोणीतरी म्हणजे २०१८ मध्ये पोरीनं ज्या दुकानातून विंडोज नव्यानं टाकून घेतलं ते. आधी आत चारच जीबी, म्हणून पाच वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बत्तीस बिटाचं गणित त्यानं कागदावर मांडून दिलं. मेमरीतल्या प्रत्येक घराला नंबर लागतो. नंबर लिहायला बत्तीस रकाने, आणि एका रकान्यात शून्य किंवा एक, एवढंच बसतं. दोनाला दोननं बत्तीस वेळा गुणत गेलं की होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. तेवढीच घरं, म्हणजे चार जीबी. त्यातलेही काही नंबर पडदा आणि बाकीचे अवयव आधीच अडवून बसतात. पुढं कितीही घरं बांधा, त्यांना नंबर नाही. नंबर नाही तर पोस्टमन जात नाही, तलाठी जात नाही. आमच्या गावठाणाबाहेरच्या वस्तीची हीच तऱ्हा होती कित्येक वर्षं. घरं उभी, चुली पेटत्या, पण ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला नोंद नाही म्हणून दिवा नाही, नळ नाही. मला हे एकदम पटलं. माझ्या चुलतबहिणीचंही तसंच नव्हतं का? रान आहे, तिचं आहे, पण पाण्याच्या वहीत नंबर नाही.

औषध एकच, चौसष्ट बिटाचं विंडोज. आणि ते जुन्यावरून चढवता येत नाही. डिस्क पुसून नव्यानं टाकावं लागतं. पुसून हा शब्द ऐकल्यावर मी त्याचा हात धरला. चौदाशे पानं, त्यावर साडेतीन वर्षं दोन बोटांनी बडवलेलं. मूळ वह्यांची गत वाळवीनं काय केली होती ते मी सांगितलंच. काही पानं तर फोटो काढल्यावर हातातच भुगा झाली, त्यांचा जिवंत पुरावा म्हणजे तो फोटो.

त्या रात्री काहीच पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून दोन पेनड्राइव्ह आणले, एक सोळा जीबीचा, एक बत्तीसचा. सगळा माल अकरा जीबीचा. दोन्हीवर वेगवेगळा उतरवला. मग मी हट्ट धरला की पोरीच्या लॅपटॉपवर दोन्ही उघडून बघायचे, प्रत्येक सालाची फाइल, पहिलं आणि शेवटचं पान. त्यासाठी पोरगी येईपर्यंत आठ दिवस थांबलो. पुतण्या वैतागला. “अण्णा, कॉपी झालं म्हंजी झालं.” मी म्हणालो, “बाबा, बियाणं पिशवीत भरलं म्हंजी उगवलं असं नाही. मूठभर घेऊन ओल्या गोणपाटात घालून बघावं लागतं.” उघडून बघितलं. सगळं होतं. एक पेनड्राइव्ह धान्याच्या कोठीत, एक पोरीकडं पुण्याला. मगच डिस्क पुसली.

चौसष्ट बिटाचं बसलं आणि तक्त्यात बाराच्या बारा जीबी दिसली. त्या रात्री पुतण्यानं मेमरी तपासायचा एक प्रोग्राम लावून ठेवला. तो प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. ही मेमरी तशी फार विसरभोळी, हे मला तेव्हा समजलं. एकेक नोंद म्हणजे विजेचं एक चिमुकलं भांडं, भरलेलं म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. आणि प्रत्येक भांडं गळकं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या चौसष्ट भागांच्या आत सगळी भांडी एकदा वाचून पुन्हा भरून घ्यावी लागतात, नाहीतर सगळं विसरतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड नावाच्या माणसानं हे काढलं, १९६८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आमच्या वहीचं दुसरं साल संपत होतं तेव्हाची गोष्ट. गळक्या मडक्यांची उतरंड लावून, पाणक्या न थांबता पळवत ठेवून त्यानं जगाचा हिशेब चालवला. मी रात्री दोनदा उठून बघितलं, चूक शून्य. सकाळीही शून्य.

मग कामाला लागलो. १९७३, १९७४, १९८१, १९८५, १९८६, पाच सालांच्या फाइली एकदम उघडल्या. पडद्यावर पानं शेजारी-शेजारी. बाण फिरला नाही, घरघर नाही.

पाळी आठ दिवसांची. १९७३ च्या पानावर वडिलांनी लिहिलेलं: थोरला दोन, आपण दोन, तिसरा दोन, चौथा दीड, धाकटी अर्धा. बेरीज आठ. धाकटी म्हणजे काकू, धाकट्या भावाची बायको म्हणून. त्याच सालात, बहात्तरच्या दुष्काळानंतर विहीर दोन परस खाली नेली त्याचा खर्च आहे. सुरुंगाचा, गाळ ओढणाऱ्यांचा. त्यात एक ओळ: धाकटीची बोरमाळ मोडली, रुपये २१०. १९७४ ला तसंच, १९८१ ला तसंच. १९८५ ला चौथा दीड. १९८६ ला चौथा दोन, आणि धाकटीचं नाव नाही. बेरीज तरीही आठ.

म्हणजे अर्धा दिवस १९८५ आणि १९८६ च्या मध्ये कुठंतरी हलला. सबंध छ्याऐंशीची वही वाचायला घेतली, आणि शेवटी शेवटी, बाजरीच्या मापांच्या खाली ती ओळ सापडली. “धाकटी लेकीकडे राहावयास गेली. तिचे रान व पाळी चौथ्याने सांभाळावी. परत आली तर परत.” खाली काकूचा अंगठा आणि चौथ्या चुलत्याची सही.

एका वेळी एक फाइल उघडून मला ही ओळ सापडली नसती असं नाही, पण दीड आणि दोन शेजारी दिसल्याशिवाय शोधायचं कुठं, तेच कळलं नसतं.

पाडव्याच्या आधी बैठक बसली. विहिरीवर बसायचं ठरत होतं, पण लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंच टिकते, म्हणून आमच्या ओसरीवर, बोर्डाजवळ. चारी घरचे आले. चुलतबहीण आत सैपाकघराच्या उंबऱ्यात बसली, बाहेर ये म्हटलं तरी आली नाही. मी पानं लावली. थोरल्या घरच्यानं चष्मा लावून बोरमाळेची ओळ दोनदा वाचली आणि काही बोलला नाही. चौथ्या घरचा माझ्याहून लहान, तापट. तो उठून उभाच राहिला. “मंग आमच्या बापानं चोरलं म्हणायचं का अण्णा तुम्हाला?”

मी म्हणालो, “बस. पुढचं वाच.” आणि छ्याऐंशीचं पान मोठं केलं. सहीपर्यंत मोठं केलं. त्याचा बाप शेवटच्या अक्षराची शेपटी खाली लांब ओढून पुन्हा वर वळवायचा, सोसायटीच्या कागदावर असायची तशीच. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, त्या शेपटीवरून फिरवलं. बराच वेळ ओसरीवर पंख्याचा तेवढा आवाज. मग तो आतल्या दाराकडं न बघताच म्हणाला, “गुरवारची सांज ते शुक्रवारची सकाळ जमंल का तिला? रात्रीची लाइट त्याच वारी असती आपल्याकडं.”

आतून उत्तर आलं, “जमंल.”

त्यालाही आता दोन वर्षं होत आली. लॅपटॉप चालू आहे. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज दहाचा पाठिंबा कंपनीनं संपवला आणि अकरावं विंडोज ह्या वयाच्या प्रोसेसरला घेत नाहीत, म्हणून पुतण्यानं त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं, ते फुकट आहे. मराठी नीट उमटतं, मला तेवढंच पाहिजे. एसएसडी कांद्याचे पैसे आले तर. रॅमचं मात्र बरं झालं तेव्हाच घेतली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी कमी पडायला लागली आणि भाव चढले. २०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉननं जाहीरच केलं की क्रुशिअल नावानं किरकोळ गिऱ्हाइकाला विकणं बंद. आम्हाला ह्यात नवल नाही. मोठा व्यापारी बांधावर गाडी लावून उभा राहिला की आठवडी बाजारात त्या मालाची पाटी दिसत नाही.

गावात कळलं, तशी आता माणसं लॅपटॉप घेऊन येतात. परवा शाळेतले गुरुजी आले, त्यांचा पातळ, नवा. उघडून बघितला तर रॅम बोर्डालाच डागलेली, खाच नाही. त्यांना तसं सांगितलं आणि चहा पाजून लावून दिलं.

२०२४ च्या माझ्या वहीत पाळीच्या पानावर पाच ओळी आहेत. त्या पानाचा फोटो चारी घरांना मोबाइलवर पाठवला. चुलतबहिणीकडं साधा फोन आहे, तिला झेरॉक्स काढून दिली. तिनं ती घडी घालून पितळी डब्यात ठेवली, आणि त्या उन्हाळ्यात अर्ध्या रानात घास केला.